जाड रहस्यकादंबरी, आठ वाचक आणि पंधरा दिवसांची मुदत

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या एका सोसायटीत आठ जण मिळून महिन्याला एक पुस्तक वाचतात. या खेपेस त्यांनी इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही रहस्यकादंबरी घेतली, मूळ इंग्रजीतून. महिनाअखेरीस गच्चीवर जमले तर एकमत सोडाच, आवाज चढले. तिघांना कादंबरी बेहद्द आवडली. तिघांनी निम्म्यावर ठेवून दिली, त्यांच्या मते नुसतं पाल्हाळ. एका आजोबांना त्यातले हिंदुस्थानी खटकले. आणि एका कॉलेजातल्या मुलीने शेवटची पानं आधीच वाचून घेतली होती, तिच्यावर बाकी सगळे चिडले. विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: बरोबर कोण, अशी जाड रहस्यकादंबरी पुन्हा घ्यावी का, आणि त्या मुलीचं काय करायचं.

मी दादरला ३४ वर्षं सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवली. माझा अधिकार एवढाच, की पुस्तक बदलायला आलेला माणूस काउंटरवर जे बोलून जातो ते मी ऐकलंय. चोर कोण ते इथे सांगणार नाही, त्यामुळे ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांनीही पुढे जायला हरकत नाही.

आधी माझीच एक चूक सांगतो. आमच्याकडे नियम होता: एका वेळी एक पुस्तक, मुदत पंधरा दिवस, पुढे रोजचा दंड. पानं शंभर असोत की सातशे, मुदत तीच. जाड रहस्यकादंबरी परत आली की बरेच जण म्हणायचे, "चांगली आहे हो, पण फार ओढलीय." मीही तेच खरं धरून पुढच्या सभासदाला ऐकवायचो. एकदा परळचे एक गृहस्थ, गिरणीतून निवृत्त झालेले कारकून, दंडाची चिल्लर मोजता मोजता मला म्हणाले, "शेवटची दीडशे पानं तुमच्या दंडाच्या धाकाने पळत वाचली. आता कशी होती म्हणून काय सांगू तुम्हाला?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. रात्री हिशोब लिहिताना मात्र ते डोक्यात राहिलं. पुढच्या महिन्यापासून चारशे पानांपुढच्या पुस्तकाला महिन्याची मुदत केली. 'ओढलीय' म्हणणारे संपले नाहीत, पण कमी झाले. आणि जे उरले ते कुठे ओढलीय हे प्रकरणासकट सांगायला लागले. ते ऐकण्यासारखं असायचं.

म्हणून ताई, कोण बरोबर हे ठरवण्याआधी गच्चीवर एक साधी चौकशी करा. कुणी कशी वाचली? रोज थोडी, की महिना संपत आल्यावर शनिवार-रविवारी बसून? मला जवळजवळ खात्री आहे की निम्म्यावर सोडणाऱ्या तिघांतल्या दोघांनी तरी विसाव्या तारखेनंतर हातात घेतली असणार.

कारण ही कादंबरी एका दमात वाचायला लिहिलेलीच नाही. चार्ल्स डिकन्स 'ऑल द इयर राउंड' नावाचं साप्ताहिक चालवायचा. त्यात ती ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ अशी ३२ हप्त्यांत आली. सगळे मिळून जवळजवळ २ लाख शब्द, म्हणजे हप्त्याला साधारण ६ हजार. मुलुंडला स्लो लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर दादर येईपर्यंत एक हप्ता होतो. तेवढं वाचायचं आणि आठवडाभर डोक्यात घोळवायचं, अशी तिची बांधणी. दर हप्त्याच्या शेवटी उत्सुकता टांगून ठेवलेली, आणि पुढच्या हप्त्याच्या सुरुवातीला मागचं थोडं उगाळलेलं, कारण मधल्या सात दिवसांत वाचक विसरलेला असतो. सलग वाचणाऱ्याला ते उगाळणं रटाळ वाटतं आणि हप्त्याने वाचणाऱ्याला ते हवं असतं. आपल्याकडेही हेच होतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. तीही आज एका बैठकीत वाचायला घेतली तर मधेच दम लागतो.

यातली खरी गंमत डिकन्सची. पहिले तीन हप्ते ऐकले तेव्हा, १८६७ च्या जूनमध्ये, तो आपल्या सहकाऱ्याला खुशीत येऊन लिहितो: गोष्ट विलक्षण आहे, रानटी आहे आणि तरी घरगुती आहे. पुढच्या वर्षी जुलैत, कादंबरी संपत आली असताना, त्याच सहकाऱ्याला लिहितो की हिची रचना सहन होण्यापलीकडे कंटाळवाणी झाली आहे. माणूस तोच आणि पुस्तकही तेच, शिवाय ते छापणाराही तोच. मधल्या काळात डिकन्स आणि कॉलिन्सचे संबंध थोडे ताणले होते (कॉलिन्सचा धाकटा भाऊ डिकन्सचा जावई, त्यामुळे घरचं आणि धंद्याचं एकमेकांत मिसळलेलं), तेव्हा सगळा दोष कादंबरीवर टाकू नये. पुढे १९२७ साली कवी-समीक्षक टी. एस. एलियटने हिलाच इंग्रजीतली पहिली, सर्वांत लांब आणि सर्वांत चांगली आधुनिक डिटेक्टिव्ह कादंबरी म्हटलं. 'सर्वांत लांब' हे त्याने कौतुकात घातलंय. तुमच्या गच्चीवर जे झालं ते दीडशे वर्षं चाललेलं आहे.

लांबीचं मूळ कारण मात्र लेखकापेक्षा माझ्यासारख्या लायब्ररीवाल्याकडे जास्त जातं. त्या काळी इंग्लंडात कादंबरी तीन खंडांत निघायची, किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स. सामान्य माणूस विकत घेणं शक्यच नाही. लंडनच्या मुडीच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, आणि तेवढ्यात एका वेळी एक खंड मिळायचा. एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरते, मग मालक छोटी कादंबरी कशाला मागेल? मूनस्टोनही पुस्तकरूपाने तीन खंडांतच आली.

मीही नकळत तेच केलं होतं. जाड पुस्तकांची शिवण सुटायची, म्हणून काही आम्ही बाइंडरकडून दोन भागांत फोडून घेतली, दोन्हींवर खाकी कागद आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी. काही वर्षांनी लक्षात आलं की या चिठ्ठ्या बोलतात. काही कादंबऱ्यांच्या पहिल्या भागाची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवायची वेळ आलेली असायची, आणि दुसऱ्या भागाची पहिलीच चिठ्ठी अर्धी कोरी. काहींच्या दोन्ही चिठ्ठ्या जवळजवळ बरोबरीने चालायच्या. काउंटरवर दोन्ही पुस्तकांना लोक 'चांगली आहे' असंच म्हणायचे. तेव्हापासून मी तोंडी मतापेक्षा चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवायला लागलो. पहिल्या भागात जुनी बसची तिकिटं खूण म्हणून अडकलेली सापडायची. दोन-तीन तिकिटं एकाच प्रकरणात सापडली की समजायचं, इथे खड्डा आहे.

आता खुद्द कादंबरीकडे येऊ. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी खून करून टिपूच्या शस्त्रागारातला पिवळा हिरा पळवतो. तो हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रमूर्तीच्या कपाळावरचा. पन्नासएक वर्षांनी तो त्याच्या भाचीला, रेचेलला, अठराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री यॉर्कशायरमधल्या घरातून नाहीसा होतो. हिऱ्याच्या मागावर तीन ब्राह्मण आहेत. गोष्ट सांगणारे अनेक, आणि प्रत्येकाने आपल्याला जेवढं माहीत तेवढंच सांगायचं अशी अट. पहिला मोठा भाग घरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा, बेटरेजचा. तुमच्या तिघांनी बहुतेक त्यालाच कंटाळून पुस्तक मिटलं असणार. हा म्हातारा विषयाला हात घालायलाच पानंच्या पानं घेतो, 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून शकुन बघितल्यासारखी वाक्यं काढतो, स्वतःच्या लग्नाचंही सांगतो.

मान्य, पाल्हाळ आहे. पण पाल्हाळात लेखकाने काय पुरून ठेवलंय ते बघा. वाढदिवसाच्या जेवणाचं प्रकरण बहुतेक लोक चाळत जातात, पाहुण्यांच्या रिकाम्या गप्पा म्हणून. सगळ्या कोड्याची किल्ली त्या टेबलावर पडलेली आहे. याहून जास्त सांगत नाही. सोडून दिलेल्यांपैकी कुणाला पुन्हा बसायची तयारी असेल तर त्यांना तेवढं एक प्रकरण सावकाश वाचायला लावा.

दुसरी जागा दाराच्या रंगाची. रेचेलच्या खोलीच्या दारावर तिने आणि तिच्या मावसभावाने, फ्रँकलिनने, नक्षी रंगवलेली असते. हिरा गेल्यावर दिसतं की एका कोपऱ्यात ओला रंग पुसला गेलाय. स्थानिक पोलीस अधिकारी ते उडवून लावतो: बायकांच्या घागऱ्यांनी झालं असेल, किरकोळ गोष्ट आहे. मग लंडनहून सार्जंट कफ येतो, गुलाबांचा वेडा, हाडकुळा. तो शांतपणे विचारतो, हा रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. शेवटचा हात कधी मारला? बुधवारी दुपारी तीनला. म्हणजे गुरुवारी पहाटे तीनला रंग वाळला, आणि अधिकाऱ्याने सकाळी अकराला बायकांना दोष दिला तेव्हा तो वाळून आठ तास झाले होते. रात्री बाराला डाग नव्हता असं सांगणारी मोलकरीण सापडते. म्हणजे डाग बारा ते तीनच्या मधला. आता ज्याच्या कपड्याला तो रंग लागलाय तो कपडा शोधा! चार आकड्यांची वजाबाकी, पण ती वाचताना मी आजही सावरून बसतो. कोडं सोडवायला आलेला वाचक इथे जिंकला जातो. माणसं वाचायला आलेल्याला हे तांत्रिक वाटेल, तो बेटरेजच्या लग्नातच रमलेला असतो. तुमच्या गटातले दोन तट मूळचे हे आहेत असं मला वाटतं. दोघेही रहस्यकादंबरीच मागतात, पण एकाला दाराचा डाग हवा असतो आणि दुसऱ्याला दारामागची माणसं.

इथे आपल्या मराठी सवयीचाही हात आहे. आपली पिढी बाबुराव अर्नाळकरांवर वाढली. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी, आणि बहुतेक अशी आटोपशीर की चर्चगेटला चढलेला माणूस बोरिवलीला उतरेपर्यंत गुन्हेगाराच्या हातात बेड्या. रहस्य म्हणजे वेग, हे आपल्या अंगात तिथून मुरलं. त्यात वाईट काही नाही, माझी अर्धी वर्गणी त्यांच्या जिवावर यायची. फक्त त्या मापाने मूनस्टोन मोजली तर ती नापासच होणार.

मिस क्लॅकवरून तुमच्याकडे काय झालं ते ताईंनी लिहिलेलं नाही, पण झालं असणारच. ही बाई धर्माची पत्रकं वाटत फिरते. कुणी घेत नसेल तर त्यांच्या घरात उशांखाली, फुलांच्या कुंड्यांत, सापडेल तिथे खोचून येते. पहाटे सहाला सुविचार पाठवणारी मावशी प्रत्येकाच्या ओळखीत असते, ती ही. काहींना तिचा भाग म्हणजे कादंबरीतला कळस वाटतो, काहींना शुद्ध छळ. १८७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कॉलिन्स सांगतो की आई मृत्युशय्येवर आणि स्वतःचे हातपाय संधिवाताने जखडलेले, अशा अवस्थेत त्याने हा भाग अंथरुणावरून तोंडी सांगून उतरवून घेतला, आणि लोक सर्वांत जास्त हसले ते यालाच. माझं मत विचाराल तर क्लॅक दोन प्रकरणं कमी चालली असती. पण ती हवीच, कारण बेटरेजच्या गोड गोड साक्षीनंतर तीच माणसं एका कुजक्या बाईच्या नजरेतून बघायला मिळतात आणि आपण कुणावर उगाच विश्वास टाकला हे तपासावं लागतं.

आजोबांचा आक्षेप मी हलक्यावारी घेणार नाही. तीन ब्राह्मण जादूचे खेळ करणाऱ्यांच्या वेषात हिंडतात, पोराच्या तळहातावर शाई ओतून भविष्य बघतात, हे वाचताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि व्हावं. पण आजोबांना दोन गोष्टी विचारा. आपल्यासमोर घडणारी पहिलीच चोरी आणि पहिलाच खून कोण करतो? इंग्रज अधिकारी. आणि हे १८५७ ला जेमतेम अकरा वर्षं झालेली असताना, इंग्रजी वाचकांसाठी, इंग्रजी साप्ताहिकात छापून आलेलं आहे. दुसरी गोष्ट समुद्राची. कादंबरीतला एक प्रवासी सांगतो की या तिघांनी समुद्र ओलांडून आणि वेष पालटून आपली जात गमावली आहे, तीही जाणूनबुजून, देवासाठी. लंडनच्या वाचकाला ही एक विचित्र माहिती वाटली असेल. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या ते १८८३ साल, या कादंबरीनंतरचं, आणि तेव्हाही परदेशगमन, बहिष्कार, प्रायश्चित्त यांवर आपल्याकडे केवढा गदारोळ. त्या तिघांनी काय किंमत मोजली हे मुलुंडच्या गच्चीवर लंडनपेक्षा जास्त कळू शकतं. शेवटचा प्रसंग सोमनाथला घडतो. तिथे लेखकाची सहानुभूती कुणाकडे आहे ते आजोबांनी वाचून सांगावं. त्यानंतरही खटकलं तर खटकलं.

उलगडा पटत नाही ही तक्रार तुमच्या पत्रात एका ओळीत आहे. ती मला अर्धी मान्य. शेवटाकडे जो प्रयोग होतो तो आज वाचताना जरा जास्तच वेळेवर जमून आल्यासारखा वाटतो. कॉलिन्सला ही शंका येणार हे ठाऊक होतं. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की आपण ग्रंथ पाहिले, जाणकारांना विचारलं आणि मगच हे घातलं. 'लेखकाने फसवलं' असं मात्र म्हणू नका. वाचकाशी प्रामाणिक खेळ खेळायचा, सगळे धागेदोरे त्याच्यासमोर ठेवायचे, हे नियम इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने कागदावर मांडले १९२९ साली. कॉलिन्सने ते नियम होण्याच्या साठएक वर्षं आधी बऱ्यापैकी पाळले आहेत.

पुन्हा जाड कादंबरी घ्यावी का? घ्या, पण दोन महिन्यांची घ्या, आणि मधे एकदा भेटा. मधल्या भेटीसाठी कॉलिन्सकडूनच एक युक्ती उचला. शेवटाकडे सार्जंट कफ संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून देतो, वेळ आली की उघडायचं. तुम्हीही मधल्या भेटीत प्रत्येकाकडून असं पाकीट घ्या आणि ताईंच्या कपाटात ठेवा. 'मला आधीच कळलं होतं' म्हणणारे त्या दिवसापासून जपून बोलतील. आमच्याकडे असे पुष्कळ होते. एक महाशय तर रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून पुस्तक परत करायचे. कोण ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. अक्षरावरून एका सभ्य शाळामास्तरांवर संशय होता, पण कफसारखा पुरावा हाताशी नव्हता.

राहिली ती मुलगी. तिला गटातून काढू नका. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं, आणि लघुकथेचं माप दोन लाख शब्दांना लावता येत नाही, त्यामुळे ते फार ताणू नये. पण तुमच्या आठ जणांत कादंबरी पहिल्यांदाच वाचताना चोर माहीत असलेली ती एकटीच आहे. वाढदिवसाच्या जेवणात, दाराच्या डागात, बेटरेजच्या बडबडीत लेखकाने खुणा खरंच ठेवल्या होत्या की मागाहून चिकटवल्या, हे तीच सांगू शकेल. तिला पुस्तक घेऊन बसवा आणि पानं काढून दाखवायला सांगा. फक्त बोलायची पाळी तिची शेवटची ठेवा.